‘ह्या मॉडेलला तो प्रॉब्लेम असतोच’ : गाडीतला दोष नेमका कोणाला माहीत असतो?

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात गाडीच्या तक्रारी कुठून आल्या? म्हणून सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटी गाडी घेतली होती. वर्षभरात तिचं स्टिअरिंग मधूनच जड व्हायला लागलं. एकदा कात्रजच्या घाटात, नेमकं वळणावर तसं झालं, तेव्हा पोटात गोळाच आला. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. दोन दिवसांनी परत मिळाली, आणि जॉब कार्डवर लिहिलेलं होतं, ‘तपासले, दोष आढळला नाही.’ पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिथला एक जुना मेकॅनिक बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘साहेब, ह्या मॉडेलला हा प्रॉब्लेम असतोच. वरपर्यंत सगळ्यांना माहितीय.’

हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी ऐकलं असेल. ते आपण ऐकतो, ‘बरं’ म्हणतो आणि घरी येतो. पण जरा थांबून बघा. दोष मेकॅनिकला माहीत आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीलाही माहीत आहे, पण कागदावर तो नाही. आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे, मागच्या सीटवर ज्याची मुलं बसली आहेत, त्याला मात्र तो तिसऱ्या खेपेला, तेही कानात सांगितला जातो.

आज आपण ह्याच गोष्टीचा इतिहास बघणार आहोत. बनवणाऱ्याला माहीत असलेला दोष वापरणाऱ्याला कधी कळतो, कसा कळतो, आणि तो कळावा म्हणून कोणी काय केलं. ह्यातला बराचसा भाग अमेरिकेतला आहे, कारण ह्या प्रश्नावरचे महत्त्वाचे कायदे तिथे लवकर झाले आणि कंपन्यांच्या आतली कागदपत्रं तिथे कोर्टांत आणि संसदेपुढे उघड झाली. शेवटी आपण आपल्याकडे येऊ.

सुरुवात १९१६ पासून करू. न्यूयॉर्क राज्यातल्या एका माणसाने ब्युइक कंपनीची गाडी डीलरकडून घेतली होती. चालवत असताना एका चाकाचे लाकडी आरे मोडले, चाक कोसळलं आणि तो जखमी झाला. त्याने कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं काय होतं? एक, आम्ही गाडी डीलरला विकली, ह्यांना नाही. दोन, चाक आम्ही बनवलेलंच नाही, ते दुसऱ्या कारखान्यातून आलं. शंभर वर्षांनंतर आज आपण डीलरकडे गेलो की तो कंपनीकडे बोट दाखवतो, आणि कंपनी सुटा भाग पुरवणाऱ्याकडे. तेच हे. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलेल्या निकालात हे दोन्ही मुद्दे फेटाळले गेले. वस्तू नीट बनली नाही तर ती जीवाला धोका करू शकते, आणि ती डीलरच्या पलीकडे तिसराच माणूस वापरणार आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. मग तपासून देण्याची जबाबदारीही त्याचीच. ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक’ ह्या नावाने हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

पण कोर्टात जाऊन जिंकणं वेगळं आणि आधीच सावध केलं जाणं वेगळं. पुढची पन्नास वर्षं अमेरिकेत अपघात झाला की तो चालकाच्या चुकीमुळेच झाला, असं धरून चालायची रीत होती. वेग जास्त असेल, दारू प्यायला असेल, लक्ष नसेल. गाडीकडे कोणी फारसं बघत नसे.

हे चित्र बदललं १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये. राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याचं पहिलं प्रकरण जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेट कॉर्व्हेअर गाडीवर होतं. इंजिन मागे असलेली ही गाडी, आणि तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांचं मागचं सस्पेन्शन अशा प्रकारचं, की जोरात वळताना मागचं चाक आत दुमडून गाडी हातातून जाऊ शकते, असा नेडर यांचा आरोप होता. कंपनीने काय केलं? नेडर यांच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

इथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्याच वाहतूक सुरक्षा यंत्रणेने चाचण्यांनंतर म्हटलं, की १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर वळणावर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. म्हणजे जिच्यामुळे कायदा झाला, त्या गाडीबद्दलचा आरोपच वादग्रस्त राहिला. पण कायदा चुकीचा ठरला नाही, कारण मूळ प्रश्न गाडीपेक्षा मोठा होता. दोष कळल्यावर कंपनीने तो सांगायचा की नाही?

१९६६ च्या कायद्याने सांगितलं, की सुरक्षेशी संबंधित दोष लक्षात आला तर कंपनीने मालकाला पोच मिळणाऱ्या टपालाने तसं कळवलं पाहिजे. गंमत बघा, कळवायचं बंधन आलं, पण दुरुस्ती फुकट करून द्यायचं बंधन नव्हतं. ते यायला १९७४ उजाडावं लागलं. आठ वर्षं कायद्याचा अर्थ असा होता, की ‘तुमच्या गाडीत दोष आहे’ हे पत्र कंपनी पाठवेल, आणि दुरुस्तीचं बिल मात्र तुमच्याही नावाने निघू शकेल.

आता फोर्ड पिंटोकडे येऊ. ह्या गाडीबद्दल बरंच काही सांगितलं जातं, आणि त्यातलं काही अर्धवट असतं. १९७१ चं मॉडेल म्हणून ही छोटी गाडी आली. तिची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. १९७७ मध्ये ‘मदर जोन्स’ मासिकात मार्क डाउई यांचा लेख आला आणि देशभर खळबळ उडाली. त्या लेखामुळे एक टिपण प्रसिद्ध झालं. त्यात हिशोब होता: १८० मृत्यू, प्रत्येक मृत्यूची किंमत २ लाख डॉलर, शिवाय जखमी आणि जळालेल्या गाड्या, एकूण फायदा सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर. उलट बाजूला सव्वा कोटी गाड्यांना प्रत्येकी ११ डॉलर, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च.

आजही लोक सांगतात, की फोर्डने पिंटोच्या गिऱ्हाइकांना मरू द्यायचं ठरवलं, त्याचा हा हिशोब. तसं नव्हतं. हे टिपण सरकारी यंत्रणेला पाठवण्यासाठी केलेलं होतं. त्यात एकट्या पिंटोचा नव्हे तर देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचा आकडा होता, विषय गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा होता, आणि माणसाच्या जीवाची २ लाखांची किंमतही सरकारी यंत्रणेच्याच आकड्यांतून आलेली होती. पण म्हणून फोर्ड निर्दोष ठरत नाही. धडकेच्या चाचण्यांत टाकी फुटते हे कंपनीने पाहिलेलं होतं, आणि स्वस्तातले उपाय उपलब्ध होते, हे कॅलिफोर्नियातल्या खटल्यात पुढे आलं. १९७८ मध्ये ज्यूरीने कंपनीला साडेबारा कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड बसवला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. त्याच वर्षी जूनमध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. मासिकातला लेख सप्टेंबर १९७७ च्या सुमाराचा. गाडी रस्त्यावर आली होती १९७० मध्ये.

हे सगळं जुनं झालं, आता कायदे आहेत, संगणक आहेत, असं कोणी म्हणेल. म्हणून आपण सर्वांत जास्त वेळ एका अलीकडच्या प्रकरणावर घालवू. ते आहे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं.

स्विच म्हणजे जिथे आपण किल्ली घालून फिरवतो तो भाग. किल्ली फिरवली की खटका बसतो आणि ती त्या जागी राहते. तो खटका एक छोटासा दट्ट्या आणि त्यामागची स्प्रिंग ह्यांच्यामुळे बसतो. शेव्हरोलेट कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा काही गाड्यांत ही स्प्रिंग कमजोर होती. स्विच कंपनीच्या स्वतःच्याच मापाला उतरत नव्हता, तरी तो २००२ मध्ये मंजूर झाला. परिणाम असा, की जड किल्लीजुडगा असेल, चालकाचा गुडघा लागला, किंवा रस्त्यावर जोराचा हादरा बसला, तर किल्ली मागे सरकून ‘ॲक्सेसरी’वर यायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंगची मदत बंद, आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडत नव्हत्या.

आता बघा, हे कोणाकोणाला माहीत होतं. २००४ मध्ये कोबाल्ट बाजारात येत असतानाच कंपनीच्या एका इंजिनिअरला चालवताना हा अनुभव आला. चौकशी उघडली गेली आणि २००५ च्या मार्चमध्ये बंद केली गेली. सुचवलेला कुठलाही उपाय व्यवसायाच्या दृष्टीने परवडणारा नाही, असं कारण दिलं गेलं. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रात, गुडघा लागून कोबाल्ट चालता चालता बंद पडल्याचा अनुभव छापून आला. म्हणजे दोष वर्तमानपत्रात आला होता! कंपनीने उत्तर दिलं, की इंजिन बंद पडलं तरी गाडी ताब्यात ठेवता येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने डीलरांना एक सूचनापत्रक पाठवलं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर किल्लीवरचं ओझं कमी करायला सांगा, आणि किल्लीच्या लांबट भोकात बसवायचा एक छोटा तुकडा द्या. लक्षात घ्या, ‘आलं तर’. न आलेल्या लाखो मालकांना कोणी काही कळवलं नाही.

हे असं का झालं, ह्याचं एक उत्तर भाषेत आहे. कंपनीच्या आत चालता चालता गाडी बंद पडणं हा ‘ग्राहकाच्या सोयीचा’ प्रश्न मानला गेला, सुरक्षेचा नाही. सोय म्हटलं की खर्चाचा हिशोब करता येतो. सुरक्षा म्हटलं की कायदा लागू होतो. २००८ च्या कंपनीच्या एका प्रशिक्षणात तर कर्मचाऱ्यांना अहवालात टाळायच्या ६९ शब्दांची यादी दिली होती. ‘दोष’ म्हणू नका, ‘रचनेनुसार काम करत नाही’ असं म्हणा. ‘अडचण’ म्हणू नका, ‘मुद्दा’ किंवा ‘स्थिती’ म्हणा. आमच्या जॉब कार्डवरचं ‘दोष आढळला नाही’ आठवतंय ना?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. २००६ च्या एप्रिलमध्ये स्विच गुपचूप सुधारला गेला. नवा, लांब दट्ट्या बसवण्याला मंजुरी मिळाली. पण पार्ट नंबर बदलला नाही. एरवी भाग बदलला की नंबर बदलतो, हा उद्योगातला साधा नियम. तो न पाळल्यामुळे पुढे कंपनीच्याच तपासनिसांना कळेना, की जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत आणि नव्या गाड्यांत तशी तक्रार का नाही. कागदावर तर दोन्ही स्विच एकच होते.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिन राज्यात कोबाल्टचा अपघात होऊन दोन मुली गेल्या. एअरबॅग उघडल्या नव्हत्या. राज्य पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याने तपास केला, स्विच ‘ॲक्सेसरी’वर असल्याचं पाहिलं, कंपनीचं डीलरांना पाठवलेलं सूचनापत्रक शोधून काढलं, आणि २००७ च्या फेब्रुवारीत अहवालात हा संबंध लिहून ठेवला. तो अहवाल कंपनीच्या फायलीत जाऊन बसला. कंपनीच्या इंजिनिअरांना हाच संबंध लागायला पुढे कित्येक वर्षं गेली.

२०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुण नर्सचा मृत्यू झाला. अपघाताच्या काही दिवस आधीच तिने गाडी चालता चालता बंद पडते म्हणून डीलरकडे नेली होती. काहीबाही काम करून गाडी परत मिळाली होती. तिच्या आईवडिलांनी वकील गाठला. वकिलाने एक इंजिनिअर नेमला. ह्या इंजिनिअरने केलेली गोष्ट इतकी साधी आहे, की ऐकून आश्चर्य वाटेल. त्याने डीलरकडून सुमारे ३० डॉलरला त्याच नंबरचा नवा स्विच विकत आणला आणि अपघातातल्या गाडीच्या स्विचशेजारी ठेवला. दोन्ही उघडले. नव्याचा दट्ट्या जुन्यापेक्षा लांब होता, फरक एक-दीड मिलिमीटरचा. नंबर मात्र तोच. २०१३ मध्ये हे कंपनीच्या अभियंत्याला शपथेवर विचारलं गेलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं.

२०१४ च्या फेब्रुवारीत गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली, आणि ती संख्या पुढे सुमारे २६ लाखांवर गेली. भरपाईसाठी नेमलेल्या केनेथ फाइनबर्ग यांच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. त्या वर्षी अँटन व्हालुकस यांच्या चौकशी अहवालात कंपनीतल्या बैठकींचं वर्णन आहे: सगळे मान डोलावतात, आणि उठून गेल्यावर कोणीच काही करत नाही. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर भरले. सुट्या भागाची किंमत? संसदेपुढच्या सुनावणीत जो आकडा फिरत होता, तो होता ५७ सेंट. डॉलरसुद्धा नाही.

हा काही एका देशाचा स्वभाव नाही. २००० मध्ये जपानमध्ये मित्सुबिशी मोटर्सचं प्रकरण उघड झालं. कंपनी वीसहून अधिक वर्षं ग्राहकांच्या तक्रारींच्या दोन प्रकारच्या नोंदी ठेवत होती. काही सरकारी तपासनिसांना दाखवायच्या, काही लपवायच्या. हे बाहेर आलं ते एका निनावी खबरीमुळे. आणि तेवढ्यावर भागलं नाही. २००२ मध्ये योकोहामात त्यांच्या एका ट्रकचं चाक निखळून रस्त्याने जाणाऱ्या एका आईचा जीव गेला. कंपनीने ते देखभालीच्या अभावावर ढकललं. रचनेतच दोष असल्याची कबुली २००४ मध्ये आली.

ह्या सगळ्या प्रकरणांत एक समान गोष्ट दिसते. दोषाची माहिती नव्हतीच, असं फार क्वचित घडलं. ती तुकड्यातुकड्यांत होती. एक तुकडा मेकॅनिककडे, एक इंजिनिअरकडे, एक वकिलाच्या फायलीत, एक पोलिसाच्या अहवालात. आणि सर्वांत मोठा तुकडा मालकांकडे, कारण गाडी रोज तेच चालवतात. हे तुकडे एकत्र आले की मगच दोषाला ‘दोष’ म्हटलं गेलं. आणि ते एकत्र आले ते बहुतेक वेळा कोणीतरी कागद किंवा सुटा भाग जपून ठेवला म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. भारतात बराच काळ गाड्या परत बोलावण्याचा कायदाच नव्हता. २००९ मध्ये टाटा नॅनो आली. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवीकोरी नॅनो शोरूममधून घरी नेत असतानाच पेटली. अशा आणखी काही घटना झाल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत बसवून द्यायची तयारी दाखवली. मात्र हे ‘रिकॉल’ नाही, असंही आवर्जून सांगितलं. पुन्हा शब्दाचाच प्रश्न. इथे काम फुकट झालं, हे चांगलंच झालं. पण ‘रिकॉल’ न म्हटल्यामुळे आपली गाडी नेलीच पाहिजे, असं किती मालकांना वाटलं असेल?

२०१२ च्या जुलैमध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ ह्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची रिकॉलची नियमावली आणली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायचा आदेश देऊ शकतं. कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, गाडी बदलून द्यायची किंवा किंमत परत करायची. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. सात वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना हे नियम लागू नाहीत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: मालकांच्या तक्रारींची संख्या बघूनही सरकार पाऊल उचलू शकतं. त्यासाठी एकाच प्रकारच्या गाडीच्या, एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी नोंदल्या गेल्या पाहिजेत. म्हणजे कायद्याने मालकाच्या हातात एक काम दिलं आहे. ते केलंच नाही, तर कायदा नुसता पुस्तकात राहतो.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण आयोगांसमोर गाडीमालक वारंवार हरतात ते एकाच कारणाने: दोष कारखान्यातला आहे, ह्याचा तज्ज्ञांचा अहवाल नाही आणि जॉब कार्डांवर नेमकी तक्रार नाही. ‘वारंवार नेली’ हे तोंडी असतं. कागदावर असते ती ‘जनरल सर्व्हिस’.

म्हणून इतिहासातून निघणाऱ्या चार-पाच साध्या गोष्टी सांगतो. जॉब कार्ड लिहिताना तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘स्टिअरिंगचा आवाज’ असं नको. ‘उजव्या वळणावर, कमी वेगात, स्टिअरिंग अचानक जड झालं, आजवर तीन वेळा’ असं हवं, तारखेसकट. ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर तोही कागद ठेवा, तो सर्वांत उपयोगी पडतो. भाग बदलला तर जुना भाग मागा. वॉरंटीत तो कंपनीकडे परत जात असेल, तर जुन्याचा आणि नव्याचा, दोन्हींचा नंबर दिसेल असा फोटो काढा. दीड मिलिमीटरची गोष्ट आठवा. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी जे सांगितलं, ते घरी येऊन ई-मेलने कंपनीला लिहा: ‘आज मला असं सांगण्यात आलं.’ आणि चेसिस नंबर घालून कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या गाडीचं रिकॉल आहे का, हे वर्षातून एकदा बघा. स्टिअरिंग, ब्रेक, आग, एअरबॅग ह्यांतलं काही असेल, तर हे सगळे कागद होईपर्यंत गाडी चालवत राहू नका.

गाडी जुनी घेतली असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचं उदाहरण घ्या. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडत जातं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. २००८ पासून जगभर कोट्यवधी गाड्या बोलावल्या गेल्या, आपल्याकडच्याही. उष्ण, दमट हवा म्हणजे आपलं मुंबई, कोकण, गोवा. आणि दोष वयाबरोबर वाढणारा. पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, पत्ता बदलला, की कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या घरी जातं.

इथे आम्हाला आमचीच गोष्ट पुरी करावी लागेल. ती स्टिअरिंगवाली गाडी आम्ही नंतर विकली. घेणारा तरुण होता, पहिलीच गाडी. त्याला आम्ही टायर दाखवले, बॅटरी नवी आहे ते सांगितलं. स्टिअरिंगचं सांगितलं नाही. त्या दिवशी स्टिअरिंग ठीक होतं, आणि भाव पडला असता. कंपन्यांनी काय लपवलं, हे मघापासून आम्ही तावातावाने सांगतो आहोत. पण त्या दिवशी ‘माहीत असून न सांगणारे’ आम्हीच होतो.

ह्या व्याख्यानाची तयारी करताना ते फार टोचायला लागलं, म्हणून त्याचा नंबर शोधून फोन केला. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. स्टिअरिंगचं विचारलं. तो म्हणाला, ‘हो काका, होतं मधूनमधून. पण मेकॅनिक म्हणाला, ह्या मॉडेलला तो प्रॉब्लेम असतोच.’

आमच्याकडची तिन्ही जॉब कार्डं सुदैवाने फायलीत होती. ती त्याला पाठवली. घाटात गाडी नेऊ नकोस असंही सांगितलं. आता तो आणि आम्ही मिळून तक्रार लिहितो आहोत. आमची तीन कार्डं, त्याची दोन, पाच तारखा. ह्यातून काय निघेल ते बघू. पण निदान ते वाक्य आता कोणाच्या कानात न राहता कागदावर आलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि ज्यांच्या गाडीला ‘असतोच’ असा काही प्रॉब्लेम आहे, त्यांनी आधी मॉडेल, साल आणि नेमकी तक्रार लिहून द्यावी, मग प्रश्न विचारावा.